साडूंची पत्रिका

पत्रिका बघायला आमच्या साडूंचा कडाडून विरोध. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी गुणमेलनाचा विषय काढला तेव्हा ते अर्ध्या पंगतीतून उठले होते. पण कोणी नवा कॉम्प्युटर जुळवतोय असं कळू दे, तेच साडू गुरुजी होतात. "प्रोसेसर?" "बोर्ड?" एवढंच विचारून डोळे मिटतात. जन्मवेळ विचारायची तेवढी बाकी राहते.

धाकट्यासाठी मशीन घ्यायचं होतं. रायझन ५६०० प्रोसेसर ठरला होता. "रॅम ३२०० ची घेतो," मी म्हणालो. "कंपनीच तेवढी सांगते."

साडूंनी कप बशीत ठेवला. "कंपनी काय, स्थळ सुचवणारच. जुळवायचं आपण असतं."

मग तासभर प्रवचन. ते इथे सगळं देत नाही. मेव्हणीबाईंनी दोनदा गॅस पेटवला आणि विझवला एवढं सांगतो. सार असं, की या प्रोसेसरच्या पोटात इन्फिनिटी फॅब्रिक नावाची वाट असते आणि रॅमचा माल त्या वाटेनेच आत जातो. दोघांची पावलं एकास एक पडली पाहिजेत. ३६०० च्या रॅमचं खरं घड्याळ १८०० मेगाहर्ट्झचं. एका ठोक्याला दोनदा माल टाकते म्हणून नाव ३६००. फॅब्रिकला १८०० बहुधा सहज झेपतं.

"मग ४००० चीच घेऊ की!" मी उत्साहाने म्हणालो.

"घ्या. फॅब्रिकला २००० झेपत नाही, बरेचदा. मग मेमरी कंट्रोलर अर्ध्या चालीवर येतो. पैसे जास्त, माल उशिरा. सप्तपदीत एकानेच धावून कसं चालेल?" आणि बोट वर करून, "छत्तीसशे. छत्तीसच्या छत्तीस गुण!"

मराठीत छत्तीसचा आकडा कशाला म्हणतात, हे मी बोललो नाही. साडूंचा मान असतो.

लॅमिंग्टन रोडला ते स्वतः आले. दुकानदाराने ३२०० ची पाकिटं पुढे केली. साडूंनी चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली. "सीएल सोळा. म्हणजे मागितलेला माल निघायला दहा नॅनोसेकंद." मग ३६०० ची घेतली. "सीएल अठरा. हेही दहाच!" दहा नॅनोसेकंदांत प्रकाश तीन मीटर जातो. आमच्या दिवाणखान्याची ही भिंत ते ती भिंत. तेवढ्यासाठी दुकानात मागे सात माणसं खोळंबली होती. "वेळ तीच, पण माल जास्त," असा निकाल देऊन साडूंनी ३६०० ची जोडी घेतली, आणि मशीन जोडताना दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत ती स्वतःच्या हाताने बसवली. पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत बसवली असती तर दोन्ही एकाच चॅनलवर गेल्या असत्या. हे मात्र त्यांचं शंभर टक्के बरोबर, आणि ही चूक भलेभले करतात.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. साडू आंघोळीला. त्यांचं मशीन चालू होतं, तेही त्यांनीच जुळवलेलं, तेही छत्तीसशेचं. बसल्या बसल्या टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर टिचकी मारली. वेग: २१३३.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केल्याशिवाय रॅम आपला पाकिटावरचा वेग धरत नाही, सावध चालीने चालते. साडूंनी तीन वर्षांत बायोस उघडलंच नव्हतं. पत्रिका जुळवली, लग्न लावायचं राहिलं.

ते टॉवेलने डोकं पुसत आले. "काय, पळतंय ना घोड्यासारखं?"

"पळतंय," मी म्हणालो.

ते हात जोडायला देवघरात गेले तेवढ्यात मशीन बंद करून चालू केलं, डिलीट दाबून बायोसमध्ये शिरलो आणि एक्सएमपी चालू करून टाकलं. आता ३६०० दिसतं. साडू त्यावर सोसायटीचा जमाखर्च लिहितात. फरक त्यांना अजून जाणवलेला नाही.