‘नेहमीचाच’ यांस अनावृत पत्र

प्रति,
माझ्या लॅपटॉपचे पूर्वमालक (किंवा मालकीण),
मुक्काम ठाऊक नाही.



आपली ओळख नाही. तरी गेले ११ दिवस रोज सकाळी चहाच्या आधी मी आपली आठवण काढतो. सख्ख्या नातेवाइकांचीही एवढी काढत नाही. आपला काळा लॅपटॉप, ज्याच्या झाकणावर कुणा लहानग्यानं गणपतीचं स्टिकर तिरकं चिकटवलं आहे, तो आता माझ्याकडे आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत १४,००० रुपये रोख मोजून घेतला. पावती आहे, चार्जर आहे, बॅग आहे, बॅगेच्या आतल्या कप्प्यात आपण विसरलेली आवळासुपारीची पुडीही आहे. नाही तो फक्त पासवर्ड.

दुकानदारानं काही लपवलं नव्हतं. तो म्हणाला, “ज्यांनी विकला त्यांना पासवर्ड आठवत नाही म्हणे. फॉरमॅट मारून हवा असेल तर ५०० वेगळे.” मी म्हणालो, “नको, घरी करू.” या तीन शब्दांनी आमच्या घरात आजवर एक मिक्सर, दोन नळ आणि एका भिंतीचा रंग यांचा निकाल लावला आहे. पण माणूस निवृत्त झाला की वेळ फुकट असतो आणि ५०० रुपये फुकट नसतात.

हा लॅपटॉप मी कशासाठी घेतला हे ऐकलंत तर आपल्यालाही हसू येईल. मला आठवणी लिहायच्या आहेत. ३४ वर्षांच्या नोकरीतलं सगळं मला लख्ख आठवतं, आणि लिहायला बसलो तर दारात आपण न आठवलेला एक शब्द आडवा.

पहिल्या दिवशी यंत्र सुरू केलं. निळा पडदा, मधोमध ‘होम’ असं नाव, खाली चौकट. नुसतंच काहीतरी दाबून पाहिलं. पासवर्ड चुकला म्हणून यंत्रानं सांगितलं आणि खाली आपण स्वतः लिहून ठेवलेली खूण दाखवली: ‘नेहमीचाच’.

महाशय, कुणाचा नेहमीचाच?

आमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जाऊन ‘नेहमीचा’ म्हटलं की कमी साखरेचा कटिंग समोर येतो, कारण तो माणूस वीस वर्षं माझं तोंड पाहतो आहे. केस कापायला बसून ‘नेहमीसारखे’ म्हटलं की पुढे बोलावं लागत नाही. आपल्या लॅपटॉपनं माझं तोंड आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. त्याला मी काय सांगणार?

तरी प्रयत्न केले. जगातला सर्वांत लाडका पासवर्ड म्हणून १२३४५६ दिला. आपण तेवढे सामान्य नाही, हे कळून आदर वाटला. स्टिकर पाहून मोरया झालं, गणपती झालं, बाप्पा झालं, मग त्या तिघांनाही शेपटीला १२३ लावून झालं. चौथ्या दिवशी मी मुलांच्या नावांकडे वळलो. अथर्व, आर्या, सोहम. बायको मागून म्हणाली, “अहो, कुणाच्या पोरांची नावं घेत बसलाय? लोक काय म्हणतील!” अलीबाबाच्या गोष्टीतला कासीम आठवतो ना? गुहेत खजिन्यापाशी उभा, आणि ‘तिळा तिळा दार उघड’ मधला तीळ नेमका विसरलेला. बार्लीपासून सगळी धान्यं म्हणून झाली, दार हललं नाही. लहानपणी मला त्याच्या हावरटपणाचा राग यायचा. आता फक्त कणव येते. बिचाऱ्याला ‘नेहमीचंच धान्य’ अशी खूणसुद्धा कुणी ठेवली नव्हती.

आठवडाभरानं राग आपल्यावरून उतरून पासवर्ड या वस्तूवरच गेला. शोधल्यावर कळलं की संगणकाला पासवर्ड लावण्याचं श्रेय अमेरिकेतल्या एमआयटीच्या फर्नांडो कोर्बातो यांना देतात. १९६१ च्या सुमारास तिथे एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा होता. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात, म्हणून प्रत्येकाला एक शब्द दिला. आणि चोरी? तिला फार वाट पाहावी लागली नाही. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या तिथल्याच संशोधकाला वाट्याला आलेला वेळ पुरेना, म्हणून त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. म्हणजे पहिल्या कुलपाबरोबर पहिली बनावट किल्ली वर्षभरातच तयार होती.

पुढे २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या बिल बर यांनी नियमावली लिहिली. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, वरचेवर बदलायला हवा. जगभरच्या कचेऱ्यांनी ती शिरसावंद्य मानली. आमच्या कचेरीत दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा आदेश यायचा आणि आम्ही सगळे शेवटचा आकडा एकानं वाढवायचो. मी निवृत्त झालो तेव्हा माझा आकडा ४१ वर होता. २०१७ मध्ये बर यांनी स्वतःच कबूल केलं की आपला बराचसा सल्ला चुकला. त्याच वर्षी त्या संस्थेनंही नियम फिरवले: पासवर्ड लांब असू द्या, उगाच बदलायला लावू नका. २००३ ते २०१७ म्हणजे बरोबर १४ वर्षं. रामाचा वनवाससुद्धा एवढ्यातच आटोपला होता, आणि त्यात चिन्हं लक्षात ठेवायची नव्हती.

हे वाचल्यावर आपल्याविषयी थोडी सहानुभूती वाटली, हे कबूल करतो. बँकेचा वेगळा, विजेच्या बिलाचा वेगळा, शाळेचा वेगळा, असं झालं की माणूस दमतो आणि सगळीकडे एकच लावून टाकतो. ‘नेहमीचाच’ हा शब्द आळसातून कमी आणि दमणुकीतून जास्त येतो.

अकराव्या दिवशी भाचा आला. तो संगणकातलाच. मी म्हटलं, “अरे, यंत्राला पासवर्ड माहीत असेलच ना? मग त्याच्याच पोटातून काढ की.” तो हसला. म्हणाला, “मामा, त्यालाही माहीत नसतो. तो पासवर्डाचं दळण करून फक्त पीठ ठेवतो. तू नवा शब्द दिलास की त्याचंही पीठ करतो आणि दोन्ही पिठं ताडून पाहतो. पिठाचे परत गहू होत नाहीत.” त्या पिठाला ते लोक हॅश म्हणतात. माझी शंका पुढे, की मग निदान घर तरी भक्कम झालं. त्यावर तो म्हणाला, “कुठलं! याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली नाही. पेचकस घेऊन ती काढली आणि दुसऱ्या संगणकाला लावली की सगळ्या फायली वाचता येतात.” म्हणजे पाहा. पेचकसवाल्या चोराला वाट मोकळी आणि पावती घेऊन दाराशी बसलेल्या मला ११ दिवस बंदी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

मग तो हळूच म्हणाला, “तुला तसंच आत जायचं असेल तर पेन ड्राइव्ह लावून दहा मिनिटांत नेतो. मागच्या वाटा असतात.”

मला हिरकणी आठवली. रायगडाचे दरवाजे मिटले, पहारेकरी ऐकेनात, म्हणून घरी तान्हं बाळ असलेली ती गवळण कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सत्कार केला आणि तिथे बुरूज बांधून ती वाट बंद केली, असं सांगतात. आजच्या कंपन्या दोष दाखवणाऱ्याला बक्षीस देऊन मग तो दुरुस्त करतात, ती रीत आम्हाला नवी नाही. पण हिरकणी कडा उतरली ती स्वतःच्या बाळाकडे जायला. मी कुणाकडे जाणार होतो? आत माझं काहीच नव्हतं. आत होते आपण: फोटो, पत्रं, कदाचित बँकेचे कागद. लॅपटॉपची पावती माझ्या नावावर आहे, आपल्या आयुष्याची नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे, हे भाच्यानं नंतर सांगितलं. त्याआधीच मी नको म्हणालो होतो. कृपया या वाक्याची नोंद घ्यावी, कारण बायको ती घेत नाही.

खरा उलगडा त्या संध्याकाळी झाला. बायको बाहेर निघाली होती. दारातून ओरडली, “गच्चीची किल्ली कुठाय हो?” मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, “नेहमीच्याच जागी.” ती घेऊन गेलीसुद्धा. शेजारी सोफ्यावर बसलेल्या भाच्याला विचारलं, “कुठली जागा, सांग बरं?” त्याला सांगता येईना.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपली खूण मला उद्देशून नव्हतीच. ती घरातल्या कुणाला तरी होती. खात्याचं नावच मुळी ‘होम’. ‘नेहमीचाच’ हे पूर्ण उत्तर होतं, फक्त ते एका घरापुरतं होतं. आणि मी ११ दिवस दुसऱ्याच्या घरातलं बोलणं दाराला कान लावून ऐकत होतो. आपण स्वतःही विसरलात म्हणे. की ज्याला तो ठाऊक होता त्याला आता विचारता येत नाही, आणि म्हणूनच लॅपटॉप दुकानात आला? तसं असेल तर आजवर आपल्या नावानं जे काही पुटपुटलो ते सर्व परत घेतो. आवळासुपारीसकट.

मग जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट, तिथून ट्रबलशूट, तिथून यंत्र रीसेट करण्याचा पर्याय. फायली ठेवू म्हणालो तर त्यानं पुन्हा पासवर्ड मागितला. सगळं काढून टाकू म्हणालो, तर निमूट कामाला लागलं. मला भीती होती की आतली विंडोज १० ही जाईल आणि नवी विकत घ्यावी लागेल. तसं काही नाही. तिचा परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, इंटरनेट मिळालं की तो आपोआप परत लागतो. म्हणजे ११ दिवसांपूर्वीही हे फुकटात झालं असतं. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा तीही माझ्यासारखीच निवृत्त आहे. आठवणी लिहायला बरी जोडी जमली.

टक्केवारी शंभराकडे सरकत होती तसतसं आपलं घर पुसलं जात होतं. मी आत डोकावलो नाही. शपथेवर सांगतो.

आता एक विनंती. पूर्वी वाडा विकला की खरेदीखतावर सह्या झाल्यावर किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवत. आपण वाडा विकलात आणि जुडगा नेलात. पुढचा लॅपटॉप विकाल तेव्हा आधी हव्या त्या फायली काढून घ्या, सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, आपल्या खात्यातल्या यादीतून ते यंत्र वगळा आणि डिस्क नीट पुसून रीसेट करा. ॲपलचा मॅक असेल तर ‘फाइंड माय’ आठवणीनं बंद करा. तो चालू राहिला तर घेणाऱ्यानं यंत्र पुसलं तरी ते आपलीच ओळख मागत बसतं. बायॉसला पासवर्ड लावला असेल तर तोही काढा. पुष्कळ लॅपटॉपांत तो वेगळ्या चिपमध्ये राहतो आणि आतली बटण-बॅटरी काढूनही जात नाही, मग मदरबोर्ड बदलण्यापर्यंत पाळी येते. एवढं केलंत तर कुणा निवृत्त माणसाचे ११ दिवस वाचतील. त्याला वेळ फुकट असतो हे खरं, पण तो फार उरलेलाही नसतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पावतीधारक उत्तराधिकारी

ता. क. नवं खातं उघडताना यंत्रानं मला पासवर्ड मागितला आणि विसरल्यास उपयोगी म्हणून तीन प्रश्नही निवडायला लावले. आईवडील कोणत्या शहरात भेटले, हा त्यातला एक. ते भेटले अंतरपाट दूर झाल्यावर. सर्वांत मोठ्या ‘कझिन’चं नाव, हा दुसरा. चुलत, मामे, मावस की आते, हे विचारायची सोय नाही. कशीबशी उत्तरं भरली. रात्री बायकोनं लॅपटॉप उघडला. “पासवर्ड काय ठेवलात?” मी म्हणालो, “नेहमीचाच.” तिनं पहिल्या झटक्यात उघडला.

मग मी उठलो, तो शब्द एका कागदावर लिहिला आणि लॅपटॉपच्या पावतीला टाचून घरपट्टीच्या फायलीत ठेवला.