लाख रुपयांचा गोठा

"गोठा हो वहिनी, गोठा! खाली गुरं आणि वर गवत, असा खराखुरा गोठा होता तो. आणि आठवड्याचे हजार पौंड. म्हणजे आपले लाखाच्या वर. जावयानं मोजले मुकाट्यानं."

सुमनताई मँचेस्टरला लेकीकडे जाऊन आल्यापासून मी या क्षणाची वाट बघत होते. आमच्या दोन बंगल्यांच्या मधली भिंत कमरेएवढी. त्यांच्या बाजूला तगर, माझ्या बाजूला कढीपत्ता. एरवी त्या कढीपत्ता मागायच्या निमित्तानं भिंतीशी येतात. आज न मागताच सुरू झाल्या, त्यावरून मी ओळखलं की गॅस बारीक करून आलेलं बरं. ताई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. 'पाऊस पडला' एवढं साधं वाक्यसुद्धा त्यांच्या तोंडून मिलिमीटरशिवाय निघत नाही.

"लेक डिस्ट्रिक्ट म्हणतात. इंग्लंडच्या वायव्येला, स्कॉटलंडच्या जरा खाली. मँचेस्टरहून गाडीनं दोन-अडीच तास. डोंगर, तळी, मेंढ्या आणि दगडी गडगे. इंग्लंडातलं सगळ्यात उंच शिखर तिथं, स्कॅफेल पाइक, ९७८ मीटर."

"एवढंच?" मी म्हटलं. वाईत राहून पाचगणी-महाबळेश्वर डोक्यावर असलेल्या बाईला ९७८ मीटरचं काय कौतुक?

"एवढंच. आपलं महाबळेश्वर १३०० मीटरच्या पुढं. पण तिथल्या डोंगराला झाड नाही, त्यामुळं पायथ्यापासून माथ्यापर्यंत अख्खा दिसतो. आणि खाली लगेच पाणी. आमची दरी बॉरोडेलची, डरवेंटवॉटर तळ्याच्या वरच्या अंगाची. तिथली पद्धत अशी, की हॉटेल नाही, खानावळ नाही, अख्खं घर भाड्यानं घ्यायचं. शनिवारी चारनंतर यायचं आणि पुढच्या शनिवारी सकाळी दहाच्या आत चालू लागायचं. मालक दिसत नाही. दाराशेजारी एक डबी, तिचे आकडे फिरवले की आत किल्ली. टेबलावर दुधाची बाटली, लोणी, चार स्कोन. झालं स्वागत."

"आणि जेवण?"

"आपलं आपण."

इथे मी मुद्दाम गप्प बसले. कारण पुढचं वाक्य मला ऐकायचंच होतं.

"म्हणजे मीच," ताई म्हणाल्या. "सुट्टी जावयाची, सुट्टी लेकीची, सुट्टी आमच्या ह्यांची. पण कुकर बॅगेत कुणी भरला? मी. तिथली शेगडी काचेची. ज्वाळाच नाही! खालून लाल होते, बंद केली तरी तापलेलीच राहते. दूध उतू गेलं ना माझं. आणि भाकरी फुगवायची कशावर? शेवटी ओव्हनमधल्या जाळीखाली सरकवली, तर फुगली बाई. टम्म!"

"पण वास? फोडणीचा?"

"तेच सांगतेय. पहिल्या संध्याकाळी पिठलं टाकायला घेतलं. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची पडली, आणि छताला बसवलेली धुराची घंटा अशी कोकलायला लागली की गडग्यापलीकडच्या मेंढ्या पळाल्या. जावई खिडक्या उघडतोय, लेक 'आई, पंखा, पंखा' म्हणून ओरडतेय, आणि आमचे हे स्टुलावर चढून घंटेखाली टॉवेल फिरवताहेत, कीर्तनात चवरी ढाळावी तसे. नातू खुश, त्याला वाटलं रोजच असतं. मग ठरूनच गेलं. फोडणी घालायची तर पुढचं दार सताड उघडायचं आणि एका पुरुषानं टॉवेल घेऊन उभं राहायचं."

"म्हणजे कामाला लागले म्हणायचे."

"टॉवेलपुरते. जावयानं एक दिवस पास्ता केला. त्याचं कौतुक लेक अजून व्हिडिओ कॉलवर करतेय."

मी कढीपत्त्याची वाळकी पानं काढत होते. अशा वेळी हाताला काहीतरी काम असावं, म्हणजे समोरचीला आपण फारसं ऐकत नाही असं वाटतं आणि ती जास्त सांगते.

"घरात एक फाईल होती. चूल कशी पेटवायची, लाकडाची पहिली पिशवी फुकट, दुसरीचे पैसे. संडासात कागदाशिवाय काही टाकायचं नाही, सिंकमध्ये तेल ओतायचं नाही. लांबलांबच्या घरांना गटाराची लाइन नाही, ज्याची त्याची मैलाटाकी. मी ह्यांना म्हटलं, बघा, शोषखड्डा आपल्याकडेच असतो असं नाही. शिवाय अभिप्रायाची वही. एकानं लिहिलंय, स्वर्ग. त्याच्याखाली दुसऱ्यानं, उशा फार मऊ."

"तुम्ही काय लिहिलंत?"

"लिहिलं, धुराची घंटा उत्तम चालते."

"आणि पाऊस?" मीच आठवण करून दिली.

"अहो, आमच्या घरापासून पुढं सीथ्वेट म्हणून वाडी आहे. इंग्लंडातलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण! वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरचा आकडा साडेपाच हजारांच्या पुढं. पण आपला चार महिन्यांत धो धो पडून मोकळा होतो. ते त्यांचा बाराही महिने पुरवून पुरवून वापरतात. सकाळी ऊन, अकराला झड, दुपारी पुन्हा ऊन, आणि जूनमध्ये रात्री दहालाही उजेड. भांडी घासायचं मशीन लावून मी साडेनऊला फिरायला जायची."

खरं सांगायचं तर इथे मला थोडा हेवा वाटला. रात्री साडेनऊला एकटीनं फिरायला जायचं, आणि मागे भांडी आपोआप घासली जाताहेत!

"खणात नकाशा सापडला. वहिनी, काय सांगू! एक किलोमीटरला चार सेंटिमीटर. आपल्याकडे शाळेत टोपोशीट दाखवायला मी कपाटाच्या किल्लीसाठी शिपायाच्या मागे लागायची. इथं प्रत्येक शेताचा गडगा न् गडगा छापलेला. हिरव्या तुटक रेघांच्या पायवाटा, त्यावरून कुणीही चालावं. दुसऱ्याच्या शेतातून जाते वाट, फाटक उघडायचं आणि लावून घ्यायचं, बस्स. मी त्या नकाशावरून ह्यांना वॉटेंडलॅथला नेलं आणि तिथून कड्यावर. पलीकडे खाली थर्लमियरचं तळं. ते बघून मी खालीच बसले."

"गुडघा?"

"गुडघा कसला! धरण आहे ते. मँचेस्टरच्या नगरपालिकेनं बांधलं. आधी तिथं लहान तळं होतं, पाणी चढवलं, काठची घरंदारं गेली. १८९४ साली पाणी मँचेस्टरला पोचलं. ९६ मैल! आणि एक पंप नाही वाटेत, नुसत्या उतारावर. म्हणजे माझी लेक ज्या गावात नळ सोडते, त्या गावाची तहान भागवायला हे गाव बुडवलं. तिथल्या लोकांनी समिती काढून विरोध केला, पार्लमेंटपर्यंत गेले, पण १८७९ साली कायदा झालाच. मला आपलं मुळशीचं धरण आठवलं. सेनापती बापटांचा सत्याग्रह, १९२१. मुंबईला वीज हवी म्हणून मावळ्यांच्या जमिनी. शहराला काही हवं झालं की डोंगरातल्या माणसानं उठायचं, हे तिकडंही तसंच की."

ताई बोलायच्या थांबल्या. आमच्या दोघींच्याही मनात आपल्या धोम धरणाचं नाव आलं असणार, पण घेतलं कुणीच नाही.

"आणि शेजार कसा होता?" मी विचारलं. मला घर कळून उपयोग नाही, शेजार कळला की गाव कळतं.

"तीच तर गंमत. आमच्या वाडीत सहा घरं. संध्याकाळी दिवे किती घरांत असतील? एका! बाकी सगळी आमच्यासारख्यांसाठी. दर शनिवारी माणसं बदलतात. आज ओळख करून घ्यावी तर उद्या दुसरेच. भिंत आहे, एवढी सुरेख दगडी भिंत, सिमेंटचा कण नाही, नुसती दगडावर दगड बसवलेली, शंभर-दीडशे वर्षं उभी. आणि तिच्यावरून बोलायला माणूस नाही! मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन जायची आणि मेंढ्यांशी बोलून परत यायची."

"मेंढ्या मराठी बोलायला लागल्या असतील."

"त्या माझ्यापेक्षा तिथल्या जास्त. हर्डविक म्हणतात. पिल्लू जन्मतं तेव्हा काळंकुट्ट, मग तोंड पांढरं होतं, मग लोकर राखाडी. आणि डोंगरावर कुंपण नसताना प्रत्येक कळप आपली हद्द सोडत नाही. कोकरू आईबरोबर हिंडून शिकतं. शेत विकलं तर मेंढ्याही शेताबरोबरच जातात, कारण नव्या कळपाला डोंगर शिकवणार कोण? आपल्या नातवाची सशाची गोष्ट आहे ना, पीटर रॅबिट, ती लिहिणारी बिअ‍ॅट्रिक्स पॉटर याच मेंढ्यांपायी वेडी झाली होती. पुस्तकांच्या पैशातून शेतं घेत गेली आणि १९४३ साली गेली तेव्हा चार हजार एकरांच्या वर जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेली."

"हे सगळं सांगितलं कुणी? मेंढ्यांनी?"

"त्या एका दिव्याच्या घरातल्या आजींनी. ऐंशीच्या पुढच्या असतील. मी एक दिवस वाटीभर शिरा घेऊन गेले आणि दार वाजवलं. लेक म्हणाली, आई, इथं असं करत नाहीत. मी म्हटलं, मी करते. आजींनी शिरा खाल्ला, चहा दिला, आणि मग दोन तास! तुम्हीच आठवलात मला. कुठलं घर कुणाचं होतं, कोणाचा मुलगा कुठे गेला, सगळं. पलीकडचं घर एका शिक्षकाचं, ते लंडनकडच्या कुणी घेतलं. त्याच्या पलीकडचं पोस्टमनचं, तेही गेलं. गावातल्या पोराला लग्न करून घर घ्यायचं म्हटलं तर किंमत ऐकूनच परत फिरतो. लहान पोरंच नाहीत तर शाळा कुणासाठी चालवायची? तिथल्या प्रशासनानं काही घरांवर अट घातलीय, विकायचं तर स्थानिकालाच. पण ती नव्या घरांना. जुनी सुटली."

"मग सरकार काही करत नाही?"

"करतं की. एप्रिल २०२५पासून काउन्सिलला परवानगी आहे, दुसऱ्या घरावर दुप्पट कर लावा. पण हुशार माणसं सगळीकडे, वहिनी. वर्षातून १४० रात्री घर भाड्यासाठी खुलं ठेवलं आणि ७० रात्री खरंच भाड्यानं गेलं, की ते घर राहत नाही, धंदा होतो. मग घरपट्टी नाही, धंद्याचा कर. आणि करासाठी ठरवलेलं मूल्य १२,००० पौंडांच्या आत असलं, आणि मालकाची तेवढी एकच मालमत्ता असली, की तोही माफ. म्हणजे काय? शून्य!"

"वाईट!" मी म्हटलं.

"वाईट तर वाईट. पण गंमत ऐका. एवढं सगळं सांगून झाल्यावर आजी म्हणतात, शनिवारी मी बोलायला नसते हं. का? तर दहा ते चार त्याच घरांची साफसफाई करायला जातात! सुनेबरोबर. सहा तासांत चादरी, ओटा, चुलीतली राख, संडास, काचा. आणि आम्ही राहत होतो तो गोठा? त्यांच्याच मुलाचा. नुसत्या मेंढ्यांवर भागत नाही म्हणाल्या, लोकरीला कातरणाऱ्याच्या मजुरीएवढाही भाव येत नाही. कॉटेज नसती तर तोही कार्लाइलला नोकरीला गेला असता. मग मी शिव्या कुणाला द्यायच्या?"

"वर्ड्सवर्थला द्या," मी म्हटलं. डॅफोडिल्सची कविता पाठ करताना शाळेत छड्या खाल्लेल्या पिढीला तेवढा हक्क आहे.

"तो तर पक्का! ग्रासमियरला त्याचं घर बघून आले ना मी, डव्ह कॉटेज. खोल्या एवढ्याशा, अंधाऱ्या, आणि पाहुणे सतत. बहिणीनं किती चहा केला असेल देव जाणे. त्यानं स्वतः त्या भागाचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, या, बघा म्हणून. आणि १८४४ साली विंडरमियरला रेल्वे यायची म्हटल्यावर वर्तमानपत्राला पत्रं, कविता, गर्दी नको म्हणून. रेल्वे आली ती आलीच, १८४७ ला."

आत माझा कुकर तिसऱ्यांदा ओरडला, पण आता हलणं शक्य नव्हतं. कारण ताईंचा सूर बदलला होता. आवाज खाली आला, आणि त्यांनी तगरीचं एक फूल उगाचच तोडलं. मी त्यांना ओळखते.

"वहिनी, तुमच्या ओळखीचा तो सुतार आहे ना, जुनी लाकडं दुरुस्त करणारा?"

"आहे की. कशाला?"

"सहज."

"धोमच्या पाण्याजवळचं तुमच्या दिरांचं जुनं घर ना? परवा तिथं विटांचा ट्रक उतरताना आमच्या ह्यांनी बघितला."

ताई क्षणभर गडबडल्या. मग भूगोलाच्या बाई पुन्हा ताठ झाल्या. "पडूनच आहे ते. दोन खोल्या काढायच्या, ओटा, गॅस, दोन कुकर. ज्वाळेचीच शेगडी, हं! पुण्याची माणसं शनिवार-रविवार येतील, आपलं आपण रांधतील. आणि आम्ही कुणाला उठवून थोडंच घेतलंय? आमचंच घर."

"आणि दोन पाहुण्यांच्या मधे झाडायला, चादरी बदलायला कोण? तुम्ही?"

"माझे गुडघे? छे! तेच विचारणार होते. तुमच्या कामवाल्या मंदाला रविवारी दुपारी वेळ असतो का हो?"

"असेल," मी म्हटलं, "पण तिचा दर ठरवताना मला बोलवा." आणि गॅस बंद करायला आत आले. फोन तिथंच ओट्यावर होता. पहिला मंदाला लावला आणि सांगितलं, दुप्पट माग, आणि चादरी धुण्याचे वेगळे.