हरळीबाईंना अनावृत पत्र

अखंडलक्ष्मीअलंकृत हरळीबाई यांस,
मुक्काम गोल्फ कोर्स, खारघर.

भोंगवलीच्या एका शेतकऱ्याचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, परवा नवी मुंबईत भाच्याकडे आलो होतो. तो म्हणाला, "मामा, चला, सिडकोचा गोल्फ कोर्स दाखवतो. इथं पैसे भरले की कुणालाही खेळता येतं. फक्त कॉलरचा टी-शर्ट घाला." घातला. डोंगराच्या कुशीतलं ते हिरवंगार रान बघून डोळे निवले. मग पायाखाली बघितलं, तर बाई, तुम्ही!

आमच्याकडे तुमची काय गत असते, ते तुम्हाला सांगायला नको. उन्हाळी नांगरट झाली की ढेकळांतून तुमच्या काशा वेचायच्या आणि ढीग करून पेटवायच्या. एक कांडं राहिलं तरी पहिल्या पावसाला तुम्ही भुईमुगात हजर. मान काय तो गणपतीत, एकवीस दूर्वांपुरता. गोल्फवाल्यांत मात्र तुम्ही बर्म्युडा ग्रास. तुमची संकरित वाणं काढलीत, खत आहे, तुषार सिंचन आहे. भोकाभोवतीच्या ग्रीनवर तर चार-पाच मिलिमीटरवर कातरतात. एवढी बारीक मशीन आमच्या न्हाव्यालाही जमायची नाही. पाण्याचं मी बोलत नाही. आमच्या तालुक्यात भाटघरचं धरण 1927 साली पुरं झालं आणि पाणी कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेलं. धरण उशाशी नि आमचा जीव विहिरीच्या तळाशी, याची आम्हाला सवय आहे.

एका साहेबांनी लोखंडी दांडा हाणला. चेंडू गेला हातभर, पण तुमचा तळव्याएवढा गड्डा पार पुढं उडाला. म्हटलं, शाब्बास, खुरपणीला गडी मिळाला! तर साहेब लगबगीनं गेले, गड्डा उचलला, होता तिथं बसवला आणि बुटानं हलकेच दाबला. अहो, उपटून बांधावर उलट्या टाकल्या तरी तुम्ही जगता. तुमचे एवढे लाड?

भोकाचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे जपमाळेच्या मण्यांएवढा आकडा. तिथवर पोचायला साहेबांना देवाचं नाव बरंच घ्यावं लागलं, ते मी ऐकलं.

एक मात्र सांगतो. हा खेळ वाढला स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला, जिथं गावकऱ्यांची मेंढरं चरायची त्या माळावर. म्हणजे आपलं गायरानच की! पोरं धनुष्यबाणाचा सराव सोडून यातच रमतात म्हणून 1457 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं गोल्फवर बंदी घातली होती. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान आजही सार्वजनिक आहे. सहसा रविवारी खेळ बंद, गाव कुत्री घेऊन फिरायला मोकळं. आमची गायरानं कुठं गेली ते तलाठ्याला ठाऊक. पण एखादं उरलं असेल, तर तिथं झेंडा रोवायला माझी हरकत नाही. आठवड्यातून एक दिवस शेळ्यांना तेवढा सोडा. कापणीचा खर्चही वाचेल.

तोवर एवढंच करा. तुम्हाला खारघरला एवढी बरकत आहे, तर माझ्या वावरातला मुक्काम हलवा. जाताना लव्हाळ्यालाही न्या. त्याला मात्र आधी सांगून ठेवा, तिथंही तो तणच आहे.

कळावे,
तुमचा पिढीजात वैरी,
एक भोंगवलीकर