हब, डिस्क आणि मालक

हब म्हणजे चाकाचा फिरता गाभा. तो ज्या स्पिंडलवर बसतो तो मात्र फिरत नाही; या लेखातल्या गाडीत दोघांच्या मध्ये दोन निमुळती रोलर बेअरिंग्ज असतात, एक आतल्या तोंडाशी आणि एक बाहेरच्या. बहुतेक आजच्या मोटारींत ब्रेकची डिस्क हबवर बाहेरून टोपीसारखी चढवलेली असते. चाक आणि कॅलिपर काढले की ती हाताने ओढून निघते. टोयोटा लँड क्रूझरच्या 80 मालिकेत, म्हणजे 1990 साली आलेल्या पिढीत, पुढची डिस्क हबच्या पाठीला बोल्टने आवळलेली असते. त्यामुळे डिस्क बदलायची तर हब उतरवावा लागतो, हब उतरवायचा तर बेअरिंग मोकळे करावे लागते, आणि बेअरिंग मोकळे करायचे तर आधी मालकाला घरी बसवावे लागते. ही शेवटची पायरी कुठल्याही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेली नसते.

मालक हा या कामातला सर्वांत ठिसूळ भाग. प्रस्तुत प्रकरणातला मालक मूळचा सातारा जिल्ह्यातला, मस्कतमध्ये हिशेबाच्या नोकरीत केस पांढरे केलेला गृहस्थ असून त्याची आणि प्रस्तुत लेखकाची सही एकच आहे.

डिस्क दोन प्रकारे निकामी होते. एक, घासून पातळ होते. किती पातळ चालेल तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. दोन, वारंवार तापून तिचा पृष्ठभाग सारखा राहत नाही आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. थोडा दोष लेथवर घासून जातो, पण घासल्यावर उरणारी जाडी त्या कोरलेल्या आकड्याखाली जाता कामा नये. दुसऱ्या प्रकारासाठी ओमानमधला जबल अख्दर हा डोंगर फार सोयीचा आहे. बिरकत अल् मौझजवळच्या चौकीवर पोलीस फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी वर सोडत नाहीत. वर सैकचे पठार सुमारे 2000 मीटर उंचीवर आहे. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनानेच रोखायची असते आणि ब्रेक अधूनमधून, मोजका वापरायचा असतो. हे सारे मालकाने चिंचवडहून आलेल्या साडूंना चढताना दोनदा समजावून सांगितले. उतरताना तो 1957 ते 1959 च्या जबल अख्दर युद्धाची माहिती देण्यात गुंतला होता आणि पाय ब्रेकवरच होता. निम्म्या घाटात मागून मेव्हणीने विचारले, "भाऊजी, काही करपतंय का हो?" मालक म्हणाला, "इथं जुनिपरची झाडं आहेत. त्यांचा वास." जुनिपरची झाडे तिथे खरोखरच आहेत. वास त्यांचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी स्टिअरिंग थरथरू लागले. वादी कबीरमधल्या एका गॅरेजच्या मल्याळी मिस्त्रीने डिस्क मोजली, मान हलवली आणि नव्या दोन मागवायला सांगितल्या. काम आपण स्वतः करणार, असे मालकाने साडूंच्या देखत जाहीर केले. मिस्त्रीने गॅरेजचा एक कोपरा दिला आणि विचारले, "साब, आज छुट्टी है क्या?"

कामाचा क्रम असा. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. चाकाचे सहा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, कारण उचलल्यावर चाक नटाबरोबर फिरते. जॅकने उचलून गाडी घोडीवर टेकवायची; नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. कॅलिपर दोन बोल्टांवर असतो. तो उतरवून तारेने वर बांधायचा, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. नळी सोडायची नाही, म्हणजे ब्रेकमधली हवा काढत बसावे लागत नाही.

मग धूळटोपी, सर्क्लिप आणि फ्लँजचे सहा नट. इथवर मालक शीळ घालत होता. नटांखाली प्रत्येक स्टडभोवती एक शंकूच्या आकाराचा, एका बाजूने चिरलेला वॉशर असतो. तो फ्लँजच्या भोकात पाचरीसारखा रुतून बसतो आणि बोटाने, पकडीने किंवा शिव्यांनी निघत नाही. फ्लँजवर पितळी रॉड टेकवून नेमका ठोका दिला की तो टुणकन वर येतो. मालकाने चाळीस मिनिटे ठोकले. मिस्त्री चहाचा ग्लास ठेवून आला, पाच-सहा ठोके घातले, सहाही वॉशर तळहातावर घेऊन मालकाला दिले आणि परत चहाकडे गेला.

पुढे 54 मिलिमीटरचा सॉकेट लागतो. या आकाराचा नट घरात दुसरा कुठलाही नसतो, त्यामुळे मालकाने तो सॉकेट दिवाणखान्यात शोभेच्या वस्तूंत ठेवला होता. लॉक वॉशरचे वळवलेले कान सरळ करायचे, बाहेरचा नट काढायचा, वॉशर, आतला नट, थ्रस्ट वॉशर. मग बाहेरचे बेअरिंग हातात येते आणि हब डिस्कसकट पुढे सरकतो. तो मालकाच्या अंदाजापेक्षा बराच जड असतो. आतले ऑइल सील नवेच घालायचे. बेअरिंग्ज डिझेलमध्ये धुऊन पुसून कोरडी करायची आणि रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर बदलायची.

बेअरिंगला ग्रीस हातानेच भरतात. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि उजव्या हातातल्या बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची. ग्रीस रोलरांच्या फटीतून पलीकडे बाहेर पडेपर्यंत. मग थोडे फिरवून पुन्हा. ही क्रिया बैलगाडीइतकी जुनी आहे. गाडीच्या चाकाला हब नसतो, तुंबा असतो. मालकाचे आजोबा गाडी ठोकळ्यावर टेकवत, खीळ उपसत, चाक थोडे बाहेर ओढत आणि आसाला वंगण लावत. गवत जाळून केलेली राख एरंडेलात कालवली की त्यांचे वंगण तयार होई; ते गाडीखाली नळकांड्यात लटकलेले असे. चाक करकरले की शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडे, "अहो आबा, गाडी रडतीया!" आबांना ते लागे. घरच्या माणसाने रडावे आणि गावाने ऐकावे, तसे.

आबांच्या तळहाताच्या रेषा काळ्या होत्या. राखेने घासूनही त्या काळ्याच राहत. मुलाने हात काळे करू नयेत म्हणून त्यांनी गाडी आणि बैल विकून त्याला शिकवले. मुलाने जिल्हा परिषदेत कारकुनी केली आणि नातवाला वाणिज्य शाखेत घातले. शहरातले कुणी घरी आले की आबा हात धोतराच्या सोग्याखाली ठेवत. चहाची बशी घ्यायला तेवढा एक बाहेर येई. त्या दिवशी मालकाने गॅरेजमध्ये हात मुद्दामच नीट धुतले नाहीत. साडूंना दिसायला हवे होते.

जुनी डिस्क हबवरून सोडवून नवी लावण्याआधी हबचा टेकणारा भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करायचा. मध्ये गंजाची खपली राहिली तर नवी डिस्कही डगमगते. डिस्कवर गंज चढू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायचा. बोल्ट समोरासमोरचे आवळत जायचे. हब स्पिंडलवर चढवून आतला नट आवळायचा, हब दोन्हीकडे फिरवून बेअरिंग बसू द्यायचे, नट सैल करायचा आणि पुन्हा बेताने आवळायचा. तो बेत ताणकाट्याने मोजतात: चाकाच्या स्टडला आकडा अडकवून ओढायचे आणि हब किती ओढीला हलू लागतो ते पाहायचे. फार घट्ट झाले तर बेअरिंग जळते, सैल राहिले तर चाक खेळते. मालकाने हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने अकरा वेळा मोजले. या कामात त्याचे शिक्षण कामी आले ते एवढेच.

त्यानंतर लॉक वॉशर, बाहेरचा नट, वॉशरचा एक कान आत आणि एक बाहेर वळवणे, फ्लँज, कॅलिपर, नवे पॅड, चाक. गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल पाच-सात वेळा दाबायचे, कारण मागे ढकललेले पिस्टन पॅडला भिडेपर्यंत पहिल्या दाबात पेडल पोकळ जाते.

डिस्क नेहमी जोडीने बदलतात. दुसऱ्या बाजूची कृती तंतोतंत हीच आहे. पहिल्या बाजूला मालकाला एक दिवस लागला, दुसरीला मिस्त्रीला पन्नास मिनिटे. मजुरी त्याने एकाच बाजूची घेतली.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांत बसण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू ब्रेक लावायचे, मध्ये गार होऊ द्यायचे आणि पूर्ण थांबलेल्या गाडीत तापलेला ब्रेक दाबून धरायचा नाही. या वेळी थोडा करपट वास येतो आणि तो येणे स्वाभाविक असते. विमानतळाच्या वाटेवर मालकाने हे मेव्हणीला तीनदा सांगितले.