पाळण्याची कडी: स्लॅबला भोक पाडण्याचा शास्त्रोक्त विधी

आमच्या गावाबद्दल ‘जालना सोने का पालना’ अशी म्हण आहे. म्हण करणाऱ्याने पाळणा कशाचा हे सांगितलं, तो टांगायचा कशाला हे सांगायचं राहून गेलं. पाळण्याला कडी लागते, कडीला तुळई लागते आणि तुळईच्या जागी आता स्लॅब आला आहे. या स्लॅबला बारशाच्या आत कडी बसवणं हे घरातल्या कुठल्या तरी काकाच्या नशिबी येतंच. गेल्या मे महिन्यात पुतणी बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगी झाली आणि काका मीच निघालो. पुढच्या काकांची ससेहोलपट टळावी म्हणून हा विधी लिहून ठेवत आहे.

काल: जन्मापासून बारावा दिवस. त्यातले पहिले दहा दिवस चर्चेत घालवावेत. अकराव्या दिवशी भर दुपारी ड्रिल मशीन मागायला बाहेर पडावं.

साहित्य: हॅमर ड्रिल (शेजाऱ्याचं), काँक्रीटचं बिट (तेही शेजाऱ्याचं), घोडा, हातोडी, पान्हा, चष्मा, नारळाची अर्धी करवंटी, सायकलचा पंप आणि घोडा धरायला असा एक माणूस, ज्याला आपली मतं नाहीत. शेवटची वस्तू जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत दुर्मीळ आहे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आमच्या घरामागे माळवदाची खोली होती. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर सागाची तुळई आणि तुळईत पणजोबांनी ठोकलेली लोखंडी कडी. चार पिढ्या त्या कडीखाली रडल्या आणि झोपल्या. मग आम्ही सुधारलो. माळवद पाडलं, तुळई विकली, कडी भंगारवाल्याला दिली. जालन्यात भंगाराचं पुढे काय होतं हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. एमआयडीसीच्या भट्टीत ते वितळतं, त्याचं बिलेट होतं आणि रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर येतं. म्हणजे पणजोबांची कडी आमच्याच स्लॅबमध्ये परत आली असण्याचीही शक्यता आहे. फक्त आता तिला काही टांगता येत नाही.

आई म्हणाली, ‘कामून रे, फॅनच्या हुकाला काय झालं?’

तिचा मुद्दा शास्त्राला धरून होता. स्लॅबमधली सर्वांत भरवशाची कडी तीच, कारण ती काँक्रीट ओतण्याआधी सळईला अडकवलेली असते. पण मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, बाळंतिणीच्या खोलीतला फॅन उतरवा असं म्हणणाऱ्या माणसाला कडीची नव्हे, दुसऱ्या घराची गरज पडते. तेव्हा नवीन भोक पाडायचं ठरलं.

पहिली पायरी, स्लॅबचा इतिहास काढणे. मुलीला स्थळ बघताना आपण घराण्याची चौकशी करतो, स्लॅबची करत नाही. आमच्याकडे दोन स्लॅब आहेत. खालचा, जालना जिल्हा झाला त्या १९८१ सालच्या सुमाराचा. त्यात पिळाच्या टोर सळया आहेत, वरून मोरीचं पाणी वर्षानुवर्षं मुरलं आहे. अशा स्लॅबला हातोडीच्या दांड्याने टकटक करत फिरावं. भरीव जागी खणखणीत आवाज येतो. जिथे मडक्यासारखा भदभद आवाज येतो, तिथे आतली सळई गंजून फुगली आहे आणि तिने खालचं काँक्रीट ढकलून वेगळं केलं आहे. तिथे कडी तर सोडाच, नजरही लावू नये.

वरचा स्लॅब नवा. पण तो टाकला एप्रिलमध्ये, आणि तेही टँकरच्या वर्षी. काँक्रीट घट्ट होतं ते वाळून नव्हे, पाणी पिऊन. सिमेंट आणि पाणी यांचा आत संसार चालू असतो, तो मध्येच मोडला तर वरचा थर भुसभुशीत राहतो. भारतीय मानक ४५६ सांगतं की स्लॅब निदान सात दिवस ओला ठेवा, आणि कोरड्या उन्हाळी हवेत दहापेक्षा कमी नको. म्हणून स्लॅबवर वाफे करून पाणी भरतात. आता मानक लिहिणाऱ्यांच्या नळाला बहुधा रोज पाणी येत असावं. आमच्याकडे एका टँकरमध्ये पिण्याचं, धुण्याचं आणि स्लॅबचं अशा तीन वाटण्या होत्या, आणि स्लॅबच्या बाजूने बोलणारं घरात कुणी नव्हतं. चार दिवसांत वाफे वाळले. मिस्त्री म्हणाले, ‘पाऊस पडंल की वरून.’ पाऊस जूनच्या शेवटी पडला. अशा छतात ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं जातं, आणि यजमान खूश होतो. खूश होऊ नये. जे भोक सहज पडतं, त्यात घातलेला, कडी धरून ठेवणारा फास्टनरही सहज बाहेर येतो.

निष्कर्ष असा की पाळणा खालच्याच खोलीत, पण मोरीपासून लांब, बिमच्या जवळच्या खणखणीत पट्ट्यात. मात्र बिमच्या कडेला चिकटून नको. फास्टनर फुगताना कडेचा तुकडाच उडतो.

दुसरी पायरी, वायर चुकवणे. फॅनच्या डब्यातून बटणांच्या बोर्डाकडे स्लॅबच्या पोटातून पाइप गेलेला असतो. इलेक्ट्रिशियन सरळमार्गी असतात असं धरून त्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ मनात ओढावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडावी. ते सरळमार्गी नसतात, म्हणून भोक पाडण्यापूर्वी त्या खोलीचा मेन बंद करून ड्रिलला दुसऱ्या खोलीतून वायर आणावी. लाइट गेलेलीच असेल तर हे कलम आपोआप पार पडतं, पण मग ड्रिलही चालत नाही.

तिसरी पायरी, खरेदी. इथे माझा अपमान झाला तो प्रसंग देतो.

‘गिट्टी द्या. चांगली मोठी.’

‘कशासाठी?’

‘पाळण्यासाठी.’

हार्डवेअरवाल्याने हातातली डबी परत फळीवर ठेवली. ‘काका, गिट्टीला फोटो टांगा. लेकरू नका टांगू.’

गिट्टी म्हणजे स्क्रूआधी भोकात घालायची ती प्लास्टिकची बारकी नळी. १९११ साली जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने तागाचे धागे चिकटवून पहिली केली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न खरवडता विजेचं सामान बसवायचं होतं म्हणून. आपले जुने वायरमन ‘रावल प्लग’ म्हणतात ते यावरूनच, त्यात कुणी रावलसाहेब नाहीत. आजची नायलॉनची गिट्टी १९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशरने काढली. या गृहस्थाने त्याआधी कॅमेऱ्याबरोबर उडणारा फ्लॅश शोधला होता, का, तर घरात आपल्या तान्ह्या लेकीचा फोटो काढायचा होता. लेकीचा फोटो आणि तो टांगायची गिट्टी, दोन्ही सोय एकाच बापाने केली. पाळण्याची मात्र त्यानेही केली नाही.

कारण साधं आहे. भिंतीवरच्या फोटोचं वजन स्क्रूला आडवं येतं, भिंतच ते पेलते. छतावरचं वजन स्क्रूला सरळ खाली उपसतं, आणि गिट्टीपाशी धरून ठेवायला घासण्याशिवाय काही नसतं. त्यात पाळणा हलतो. साठ अंशांपर्यंत झोका गेला की खालून जाताना कडीवर दुप्पट वजन येतं. तीन किलोच्या बाळाचं काही नाही हो, पण बारशाला बाळाची भावंडं येतात, आणि त्यांतला एक सात वर्षांचा तिसऱ्या मिनिटाला पाळण्यात असतो.

म्हणून हूक असलेला लोखंडी अँकर फास्टनर घ्यावा. नट आवळला की आतला शंकू नळीत ओढला जातो, नळी फुगते आणि काँक्रीटला आतून घट्ट धरते. बिट घ्यायचं ते फास्टनरच्या बाहेरच्या नळीच्या मापाचं, बोल्टच्या मापाचं नव्हे. ही चूक करणारे दुकानात दुसऱ्यांदा येतात, म्हणून दुकानदार सांगत नाहीत. वर गच्ची मोकळी असेल तर बोल्ट आरपार घेऊन वरून पोलादी पट्टी टाकणं सर्वांत चांगलं, असं आमचे मिस्त्री म्हणतात, आणि या एका बाबतीत ते बरोबर आहेत. आमच्या खोलीवर मात्र वहिनींचं स्वयंपाकघर आहे. त्यांच्या फरशीतून बोल्ट वर आलेला त्यांनी कसा घेतला असता, याचा प्रयोग मी केला नाही.

चौथी पायरी, प्रत्यक्ष भोक. करवंटीला मध्ये भोक पाडून ती बिटावर उपडी नव्हे, उताणी चढवावी. धूळ तीत पडते. फास्टनरच्या लांबीपेक्षा पाऊण-एक सेंटिमीटर जास्त खोलीवर बिटाला चिकटपट्टीची खूण करावी. मग चष्मा लावून, देवाचं नाव घेऊन, हॅमरचा खटका टाकून सुरू करावं.

साधारण पाऊण इंचावर धूळ यायची बंद होते, मशीन किंचाळायला लागतं आणि हाताला झिणझिण्या येतात. अभिनंदन, आपल्याला सळई लागली. स्लॅबमध्ये सळईखाली जेमतेम वीस मिलिमीटर काँक्रीट ठेवतात, तेव्हा ती लागणारच. इथे पुष्कळजण अंगाचा जोर लावतात. लावू नये. काँक्रीटचं बिट दगड फोडायला केलेलं असतं, पोलाद कापायला नव्हे. अर्ध्या मिनिटात त्याचं टोक जांभळं होऊन गोल होतं, आणि ते शेजाऱ्याचं असतं. शिवाय ती सळई कुणाचं तरी छप्पर धरून उभी आहे. भोक सोडून द्यावं, सिमेंटने बुजवावं, दोन-तीन इंच बाजूला सरकावं. आम्हाला तीनदा लागली. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, ‘तुझ्या पणज्याची कडी हाय ती. येऊ दे म्हणती वर, टांगू देत न्हाई.’

पाचवी पायरी, जी सगळे गाळतात: भोक साफ करणे. आत पीठ राहिलं तर फास्टनर काँक्रीटला नव्हे, पिठाला धरतो. पंपाची नळी आत घालून हवा मारावी, ब्रश फिरवावा, परत हवा मारावी. तोंडाने फुंकू नये. छताकडे बघून फुंकलेली फुंकर स्वतःच्याच डोळ्यांत परत येते. ब्रश म्हणून बाळाच्या बाटलीचा ब्रश वापरू नये. आमच्याकडे वापरला गेला, आणि तो कुणी वापरला याची चौकशी अजून चालू आहे.

फास्टनर हातोडीने हळू ठोकून बसवावा, नट आवळावा. आवळताना घट्ट होत गेला तर ठीक. नुसताच गोल फिरत राहिला तर आतली नळी फिरते आहे; भोक मोठं झालं, नवीन जागा शोधा.

शेवटी परीक्षा. बाळ घालण्याआधी पाळण्यात सोयाबीनचा भरलेला कट्टा ठेवावा, साठेक किलोचा, आणि रात्रभर राहू द्यावा. सकाळी नट एकदा बघावा, छताला केसाएवढी नवी भेग आली आहे का पाहावं. नंतरही दर महिन्याला नट तपासावा, कारण झोक्याने तो सैल होतो. आमचा कट्टा रात्रभर शांत झोपला. बाराव्या दिवशी बाळ घातलं, बायकांनी नाव ठेवलं, आणि बाळ एवढ्या जोरात रडलं की पुतणीने तिला उचलून साडीच्या झोळीत टाकलं. झोळी खाटेच्या पायांना बांधली होती.

पाळणा मात्र टांगलेलाच आहे. त्यात सध्या मोसंबीची करंडी असते.

आता एवढंच करा: शेजाऱ्याचं ड्रिल आज संध्याकाळच्या आत परत द्या. आणि बिट नवीन घेऊन द्या.