आठशे फूट उंचीवरील विद्या

पुण्यातील एका सद्गृहस्थांनी, सेवानिवृत्ती समीप आल्यामुळे चिंतनास सवड मिळाली असताना, आम्हांस पत्र धाडून विचारणा केली आहे की, दापोलीसारख्या डोंगरमाथ्यावरच्या, थंड हवेच्या आणि विद्यापीठाच्या गावी उर्वरित आयुष्य घालवावयाचे झाल्यास त्यात लाभ कोणते आणि हानी कोणती, याचा निःपक्षपाती अभिप्राय मौजे मुरुडचे रहिवासी या नात्याने आपण द्यावा. विनंती रास्त आहे. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंच आणि आम्ही खाली समुद्राला लागून. आसूदच्या बागेतून वळणे घेत जाणारा जो रस्ता या दोहोंना जोडतो, त्यावरून दाखल्याकरिता, दवाखान्याकरिता, मुलाच्या प्रवेशाकरिता आणि पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीकरिता आम्हांस वर्षानुवर्षे वर चढावे लागले आहे. आणि ज्याला एखाद्या गावी केवळ कामापुरते जावे लागते, त्याच्याइतका त्या गावाचा कठोर परीक्षक दुसरा नसतो. निःपक्षपाताची हमी तेवढी मागू नये.

प्रथम हवा, कारण दापोलीकर कोणत्याही विषयाचा प्रारंभ हवेपासून करतो व पुष्कळदा तेथेच थांबतो. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणातील आपल्या फौजेस ही जागा नेमून दिली ती विद्येच्या ओढीने नव्हे, तर किनाऱ्यावरच्या घामोळ्यांना कंटाळून. त्यांनी येथे बंगले बांधले, ख्रिस्ती देवळे बांधली, कबरी बांधल्या आणि पैकी कबरींमधली मंडळी वगळता सर्वजण यथाकाल निघून गेले. छावणी केव्हाच उठली, तरी आसपासच्या खेड्यांतील वृद्ध अजून ‘कॅम्पात जाऊन येतो’ असेच सांगून घराबाहेर पडतात. पुढे कोणीतरी या गावास ‘मिनी महाबळेश्वर’ असा किताब बहाल केला; तो कोणत्या सरकारने, कोणत्या सनदेने दिला याचा दप्तरी शोध लागत नाही, आणि खुद्द महाबळेश्वरास कोणी ‘थोरली दापोली’ म्हटल्याचेही आमच्या ऐकिवात नाही. तथापि पौष महिन्यात पहाटे येथे गारठा पडतो हे सत्य आहे. विद्यापीठाच्या वेधशाळेत तापमापकाचा पारा किती खाली उतरला याची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत ठळकपणे झळकते, आणि आमचा अनुभव असा की विद्यापीठाच्या समस्त संशोधनापैकी सामान्य जनता जे अत्यंत आस्थेने वाचते ते एवढेच.

हे थोडे अन्यायाचे झाले. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले, आणि पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव धारण केलेले कोकण कृषी विद्यापीठ स्वस्थ बसलेले नाही. हापूस आणि नीलम यांचा संकर करून त्याने १९८१ साली ‘रत्ना’ हा आंबा दिला, ज्यात हापुसाला ग्रासणारा साका होत नाही. १९९२ साली ‘सिंधू’ दिला, ज्याची कोय इतकी पातळ की ती असून नसल्यासारखी. मनुष्याच्या बुद्धीने निसर्गाची चूक दुरुस्त केल्याचे यापेक्षा गोड उदाहरण सापडणे कठीण. परंतु गिऱ्हाईक हे विद्येचे वैरी असते. ते वाशीच्या बाजारात जाऊन साका असलेला, महागडा, नखरेल हापूसच मागते, आणि त्या पेटीवर देवगडचे नाव छापलेले असले म्हणजे आंबा कोणत्या तालुक्यातील मातीत वाढला याविषयी यत्किंचितही चौकशी करीत नाही. इकडे दापोलीचा बागायतदार फाल्गुनात मोहोर, चैत्रात थ्रिप्स आणि वैशाखात वळीव, अशा क्रमाने विद्यापीठाचा सल्ला घेत घेत शेवटी ज्योतिषाचा सल्ला घेतो.

खरा चमत्कार निराळाच आहे. कोकणात शेती कशी करावी हे शिकविण्याकरिता सरकारने एक संपूर्ण डोंगरमाथा राखून ठेवला. त्यावर कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी अशी महाविद्यालये उभारली. विदर्भापासून सोलापुरापर्यंतचे विद्यार्थी तेथे येतात, चार वर्षे भाताच्या रोपांची उंची मोजतात, काजूची कलमे बांधतात, पावसात छत्र्या उलट्या करून घेतात, आणि पदवी पदरात पडताच लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसतात. कृषी पदवीधर उत्तम तहसीलदार होतो, उत्तम फौजदार होतो, बँकेत गेला तर कर्जाच्या प्रकरणावर अत्यंत शास्त्रशुद्ध शेरा मारतो. तो शेतकरी मात्र होत नाही, कारण तो काय शिकला आहे हे त्याला ठाऊक असते. नाक्यावरच्या चहाच्या दुकानात घटकाभर बसले असता जी ज्ञानचर्चा कानी पडते तीत खताच्या मात्रेपेक्षा कटऑफचा उल्लेख अधिक असतो, आणि दापोलीत विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या यजमानास भूमीपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हाच एक प्रकार निर्वेधपणे वसूल करता येतो.

या बाबतीत विद्यापीठाला दोष देण्याचा अधिकार मुरुडास नाही हे आम्ही कबूल करतो, कारण बाहेर धाडण्यासाठी माणूस तयार करण्याचा धंदा या तालुक्यात विद्यापीठाच्या शंभर वर्षे आधीपासून जोरात चाललेला आहे. आमच्या मुरुडात वाढलेले धोंडो केशव कर्वे १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेकरिता, भर पावसाळ्यात, सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. सुमारे शंभर मैलांची ती वाट तुडवून हा मुलगा परीक्षा मंडळापुढे उभा राहिला तेव्हा, सतरा वर्षांचा दिसत नाही, या एका कारणावरून त्याला परत पाठविण्यात आले. कागदावर वय होते, पण अंगावर नव्हते. जी व्यवस्था पायांची ताकद पाहूनही वयाचा दाखला अमान्य करते, तिच्या चिरंजीवित्वाविषयी आम्हांस शंका नाही. दाखल्यातील त्रुटीवरून माघारी पाठविण्याची ती परंपरा सर्व कचेऱ्यांनी आजतागायत निष्ठेने जतन केली आहे.

कर्वे पुढे मुंबईस गेले, पुण्यास फर्गसन कॉलेजात गणित शिकवू लागले, आणि गावाबाहेर गेलेल्या माणसास गावाचे प्रेम अधिक येते या नियमानुसार त्यांनी गावाच्या उन्नतीकरिता मुरुड फंड काढला. फंड गावास मान्य होता. मात्र १८९३ साली त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा ज्या गावकऱ्यांना रस्ता दुरुस्त करावयास एकत्र जमणे कधी साधले नाही, ते सर्वजण तात्काळ एकत्र जमले, सभा भरली, बहिष्काराचा ठराव झाला, आणि कर्व्यांना घरात घेतल्यास घरच्यांवरही बहिष्कार, अशी पुरवणीही जोडली गेली. यानंतर कर्व्यांनी हिंगण्यास आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, आणि १९५८ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, भारत सरकारने त्यांना भारतरत्न केले. आज मुरुडात त्यांचे स्मारक आहे, आणि पाहुणे मंडळींना ते आम्ही फार अभिमानाने दाखवितो. ठरावाचा कागद दाखविण्याचा प्रघात नाही.

शेजारच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झाले आणि शेवटी भारताचे प्रतिनिधी म्हणून थेट ऑस्ट्रेलियास पोचले. याहून लांब जाण्यास पृथ्वीवर जागाच नव्हती. पांडुरंग वामन काण्यांचे वडील दापोलीस वकिली करीत. मुलाने येथील शाळेत शिक्षण घेतले आणि धर्मशास्त्राचा इतिहास मुंबईत बसून लिहिला. पालगडचे साने गुरुजी दापोलीस शिकले व शिक्षक झाले ते खानदेशात, अंमळनेरास. एका तालुक्याने दोन भारतरत्ने, एक रँग्लर आणि एक साने गुरुजी घडवावेत आणि त्यांपैकी एकासही मुक्कामास ठेवून घेऊ नये, हे साधे काम नव्हे. डोंगरावरच्या विद्यानगराचा मोठा लाभ कोणता असे कोणी विचारील, तर तेथून उतरण्यास चारही दिशांना रस्ता आहे, हाच; आणि पत्रलेखक महाशय नेमके उलट्या दिशेने चढू पाहत आहेत.

विद्येच्या या माहेरघरास एक ओसरीही होती, तिचा उल्लेख गावाच्या गौरवग्रंथांत सहसा आढळत नाही. छावणीमुळे दापोलीत निवृत्त महार सैनिकांची वस्ती झाली होती. सरकारची चाकरी तलवारीने बजावून पेन्शन घेणाऱ्या या माणसांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत बसू द्यावे म्हणून अर्ज करावे लागले, आणि जागा मिळाली ती वर्गात नव्हे, बाहेर ओसरीवर. त्याच वस्तीत सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब काही काळ राहिले होते. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी पुढे देशाची घटना लिहिण्याचे काम पाहिले. दापोलीची हवा त्या काळीही थंडच होती.

आता हानीकडे वळू. साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो. या काळात कपडे वाळत नाहीत, वीज टिकत नाही, पुस्तकांना बुरशी येते, आणि खेडच्या रेल्वे स्टेशनापासून सुमारे तीस किलोमीटर घाट चढून येणारा पाहुणा ‘स्वर्ग आहे हो’ असे म्हणून दुसऱ्या दिवशी स्वर्गातून परत जातो. मग एप्रिल उजाडतो आणि तालुक्यातील वाड्यांवर पाण्याचे टँकर फिरू लागतात. जांभा खडक पाणी पितो पण राखत नाही, उतार त्याला थेट समुद्राकडे पिटाळतो. पावसाचे पाणीदेखील येथे जन्मते व मुंबईकडे तोंड करते. विद्यापीठाने यावर जलकुंडे सुचविली, दगडांचे स्वस्त बंधारे सुचविले, आणि ते उपाय उत्तम आहेत. परंतु बंधारा घालावयास चार धट्टीकट्टी माणसे लागतात, आणि ती सर्व चाकरमानी होऊन विरार ते दिवा या पट्ट्यात राहतात. ती गणपतीला येतात, शिमग्याला येतात, आणि त्या दिवसांत बंधारे घालण्याचा मुहूर्त नसतो. शिल्लक वृद्धांनी काही पेरलेच, तर ते वानर आणि रानडुकरे खातात. कृषी विस्ताराच्या कार्याचा प्रत्यक्ष लाभ घेणारा, नियमितपणे शेतावर हजर राहणारा वर्ग आज बहुधा तोच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मुरुड, हर्णै, आंजर्ले येथील नारळी-पोफळी शब्दशः आडव्या केल्या. उन्मळलेल्या पोफळीच्या जागी पुन्हा पोफळ लावून सहासात वर्षे सुपारीची प्रतीक्षा करावी, की दोन खोल्या बांधून येत्या दिवाळीस भाडे घ्यावे, हा तात्त्विक प्रश्न वाडीवाल्यांपुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर आमच्या रस्त्यावरील ‘घरगुती जेवण, वातानुकूलित खोल्या’ या पाट्यांवर कोणासही वाचता येईल. वर डोंगरावर याच प्रश्नाची आवृत्ती बिगरशेती प्लॉटांच्या रूपाने निघाली आहे. शेतीचे विद्यापीठ असलेल्या गावात सर्वांत अधिक मागणी असलेला दस्तऐवज म्हणजे जमीन शेतीची नाही असे सांगणारा. तेथे कुंपण घातलेले, वर्षातून आठ दिवस उघडणारे बंगले आहेत. त्यांची राखण करावयास माणूस मिळत नाही, ही त्यांच्या मालकांची तक्रार आहे, आणि माणूस का मिळत नाही याचे कारण त्यांना कोणी सांगत नाही, कारण सांगणारा माणूसही मिळत नाही.

येथवर वाचूनही सद्गृहस्थांचा निश्चय ढळला नसेल, तर त्यांनी अवश्य यावे. त्यांच्याकडे पेन्शन आहे, म्हणजे या प्रदेशात सुखाने राहण्यास आवश्यक अशी एकमेव पात्रता आहे. छावणीच्या काळापासून दापोलीची हवा मानवली आहे ती पेन्शनरांनाच. सकाळी आझाद मैदानावर फेरी मारावी, दुपारी वामकुक्षी घ्यावी, संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर उतरून मासळीचा लिलाव पाहावा, जेथे कोणत्याही प्रबंधाशिवाय बाजारभाव ठरतो व पाच मिनिटांत सर्वांना मान्यही होतो. सातबाऱ्याचा उतारा स्वतः पाहिल्यावाचून विसार देऊ नये; इकडे एका गुंठ्याला जितकी झाडे असतात त्याहून अधिक वारस असतात, आणि सही करावयास त्यांतला एक नेहमी मस्कतला असतो. सार्वजनिक कार्य करावयाचे झाल्यास बेताने करावे, कारण या गावांत स्मारक होण्याचा क्रम वर सांगितलाच आहे: आधी निघून जावे लागते, नंतर बहिष्कृत व्हावे लागते, आणि त्यानंतर शंभर वर्षे जगण्याची तयारी ठेवावी लागते.

पत्राच्या शेवटी त्यांनी एक उपप्रश्न केला आहे: मुरुडच्या पुळणीवर स्वतःची मोटार उतरविता येते काय? येते. वर काढावयास ट्रॅक्टर लागतो, आणि ट्रॅक्टरचे भाडे भरतीची वेळ पाहून सांगितले जाते.