दगडाच्या भेटीला

आमच्या घरापासून वेताळ टेकडीचा माथा साडेपाच किलोमीटरवर आहे. एवढ्याशा अंतराचं प्रवासवर्णन लिहू नये, हे मला कळतं. पण यंदा तिथवर पोचायला मला तीन महिने लागले आणि त्यातले बहुतेक दिवस मी खुर्चीत बसून काढले.

ऑक्टोबरच्या अखेरीस वेताळाच्या देवळाकडून खाणीकडे सायकलने उतरताना मी हँडलवरून पुढे गेलो. पावसाळा संपला की टेकडीवरचा चिखल वाळतो, मुरूम सुटा होतो आणि पायवाटेवर ज्वारी सांडल्यासारखा पसरतो. अशा वेळी पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नसतो. हे मला ठाऊक होतं, बोटांना नव्हतं. चाक एका दगडाला अडलं. सायकल थांबली, मी थांबलो नाही. उजव्या खांद्यावर आपटलो आणि अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा ‘कट्’ आवाज आला. आसपास सुपारी खाणारं कुणीच नव्हतं. ऑक्टोबरच्या उकाड्यातही मफलर बांधणारे एक काका तेवढे होते. त्यांनी तोच मफलर सोडून माझा हात गळ्यात बांधला आणि वाटभर मला त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत ऐकवली.

मोडलं होतं ते हासळीचं हाड, म्हणजे कॉलरबोन. डॉक्टर रसिक निघाले. आईच्या पोटात सगळ्यांत आधी कडक व्हायला लागतं ते हे हाड, आणि पुरतं जुळायला पार विशी ओलांडावी लागते तेही हेच, असं त्यांनी स्क्रीनवरचे दोन तुकडे दाखवत सांगितलं. विसाहून जास्त वर्षांचं बांधकाम मी एका क्षणात पाडलं होतं. प्लेट-स्क्रूवाचून भागलं. पाठीमागे इंग्रजी आठच्या आकाराचा पट्टा आवळला गेला आणि मी छाती पुढे काढून, संचलनाला निघाल्यासारखा घरात हिंडू लागलो. कधी नव्हे ते माझं व्यक्तिमत्त्व रुबाबदार झालं, तर बघायला घरचेच.

भेटायला येणाऱ्यांनी डिंकाचे लाडू आणले, पायाचं सूप आणलं, एका मावशींनी कांडवेलीचा वेलच कुंडीसकट आणला. (तो मात्र झकास लागला.) पण या काळात मी खरं शिकलो ते शर्ट घालायला. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. ऐकायला सोपं आहे. चाळीस वर्षं उलट सवय असलेल्या माणसाने रोज सकाळी करून बघावं. एकदा अर्ध्यात चुकलो आणि डोकं बाहीत, हात गळ्यात अशा अवस्थेत बायको ऑफिसातून येईपर्यंत बसून राहिलो.

पुढे फिजिओथेरपी आली. भिंतीवर बोटांनी पायरी पायरीने वर चढायचं आणि पोचलो तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या घरी त्याच भिंतीवर लेकीच्या उंचीच्या खुणा आहेत. नोव्हेंबरच्या शेवटी मी तिच्या बालवाडीपर्यंत आलो, नाताळात तिसरी ओलांडली. ती जाता-येता म्हणायची, “बाबा, अजून पाचवीत नाहीस?”

बाराव्या आठवड्यात हाड जुळलं. जुळलेल्या जागी मात्र लिंबाएवढं टेंगूळ राहिलं आणि पाठीवरच्या सॅकचा पट्टा मोजून त्याच्यावरच बसतो. डॉक्टरांनी हळूहळू सायकल चालवायला परवानगी दिली. बायकोची मिळायची होती. मी मार्क कॅव्हेंडिशचं उदाहरण दिलं. २०२३ च्या टूर द फ्रान्समध्ये तो पडला, कॉलरबोन मोडली, आणि पुढच्या वर्षी, वयाच्या ३९ व्या वर्षी, परत येऊन त्याने ३५ वा टप्पा जिंकत एडी मर्क्सचा विक्रम मोडला.

“त्याच्या बायकोला विचारलंस?” ती म्हणाली.

जानेवारीच्या एका रविवारी साडेसहाला निघालो. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, कोपरांना पॅड, खिशात आधार कार्ड. वॉचमनने विचारलं, “साहेब, लडाख का?” पौड रस्त्यावरून एआरएआयचा चढ सुरू होतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि वेताळ टेकडी ८०० च्या आसपास. मधला फरक कागदावर किरकोळ दिसतो. एआरएआयमध्ये देशभरच्या नव्या गाड्यांच्या चाचण्या होतात, पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही म्हणे. त्यांच्या फाटकासमोर मी ज्या आवाजात श्वास घेत होतो, त्यावर प्रदूषणाच्या चाचणीत मी नापासच झालो असतो.

वर मात्र सकाळ सुरेख होती. गिरिपुष्पाच्या झाडांतून मोर ओरडत होता. हास्यक्लबही हसत होता, आणि दोन्ही आवाजांत फरक करणं कठीण होतं. वेताळाला हात जोडले. मागच्या वेळी न जोडताच उतरलो होतो, असं आमच्या आईचं म्हणणं.

मग उतार. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगराच्या परिसरात काही पोरं जुन्या जाडजूड सायकली घेऊन उतारावर शर्यती लावू लागली. माउंटन बायकिंगची मुळं तिथली. ब्रेक इतके तापत, की मागच्या चाकाच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर नवं भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. माझेही ब्रेक तापले, कारण मी ते सोडलेच नाहीत. वेग इतका बेताचा होता, की मागून चालत येणाऱ्या एक काकू “जरा बाजूला व्हा हं” म्हणून पुढे निघून गेल्या. शेवटी उतरून सायकल हाताने धरून चालू लागलो. एवढ्यात दहाएक वर्षांचा एक पोरगा, विना गिअरच्या, घंटीही नसलेल्या सायकलवरून “काकाऽऽ साइड” ओरडत त्याच मुरमावरून भर्रकन गेला. त्याच्या पायांत स्लिपर होत्या.

मला भेटायचं होतं त्या दगडाला. तीन महिने मी रोज रात्री त्याला पाहिलं होतं. स्वप्नात तो फ्रिजएवढा असे. वळणावर पोचलो, तर तिथे दगडच नव्हता. घाणेरीची तीच झुडपं, तेच वळण, मधे सपाट वाट. मी वाकून शोधत राहिलो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला हा सगळा कातळ. त्यातला नेमका एक धोंडा तीन महिन्यांत कुठे जाईल?

“काय हरवलं?” मागून आवाज आला. मफलरवाले काका. आज कानटोपी होती.

“दगड,” मी म्हणालो.

“तुमचा होय? तो हलवला आम्ही. तिकडे बाभळीखाली ठेवलाय.”

बाभळीखाली जाऊन पाहिलं. जेमतेम पाटाएवढा होता. वरून चपटा, एका कडेला पांढरट ओरखडा. तो माझ्या पेडलचा असावा अशी माझी समजूत आहे. मी सावकाश त्याच्यावर बसलो. बसायला छानच होता.

काका घड्याळ बघत उभे होते.

“खांदा कसा आहे?”

“जुळला.”

“छान. आता उठा. पावणेआठला नाना येतात, ही त्यांची जागा.”

मी उठलो, सायकल धरली आणि वाटेला लागलो. मफलर इमर्जन्सीत कात्रीने कापला गेला होता, हे त्यांना कसं सांगावं याचा विचार करत दहा पावलं गेलो असेन.

“अहो,” काका मागून म्हणाले, “निळा होता. लोकरीचा.”